धर्मव्याधाचे दुकान आणि आपले ताट

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या सभेत एक साधा विषय होता. तिसऱ्या मजल्यावरची एक सदनिका भाड्याने द्यायची होती. पाहायला आलेले जोडपे तरुण, दोघेही नोकरी करणारे, मूळचे मालवणकडचे. सगळे जमत आले होते. तेवढ्यात कुणीतरी विचारले, "पण ते शुद्ध शाकाहारी आहेत ना?" घरमालकांनी प्रामाणिकपणे सांगितले की, मासे खातात. मग चर्चा रंगली. वासाची झाली, कचऱ्याची झाली, संस्कारांचीही झाली. शेवटी एक ज्येष्ठ गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ज्याचे कर्म त्याच्यापाशी. खाऊ देत बापडे. पण आपल्या जिन्यात कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ते जोडपे दुसरीकडे राहायला गेले.

त्या सभेत मीही होते. मी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. जन्माने आणि आवडीनेही शाकाहारी आहे. माझ्या सासूबाई माळकरी होत्या. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस आणि मद्य सुटते, एकादशी आणि पंढरीची वारी लागते, हे मी त्यांच्याकडे पाहतच शिकले. तेव्हा या विषयावर त्या खोलीत बोलण्याचा अधिकार कुणाला असेल, तर तो थोडाफार मला होता. आणि मी एक शब्दही बोलले नाही.

घरी येऊन भाजी निवडायला बसले, तर नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजी, कोंबडी खाल्ली की माणूस पुढच्या जन्मी कोंबडी होतो का गं?" शाळेत कुणीतरी त्याला तसे सांगितले होते. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पण रात्री झोप येईना. आत्मा, कर्म, पाप, पुण्य हे शब्द आपण ताटाभोवती रांगोळीसारखे काढून ठेवतो. त्या शब्दांमागे नेमके काय आहे, हे आपण कितीदा पाहतो? म्हणून मी जुनी पुस्तके पुन्हा काढली. त्यातून जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

एक धर्म, अनेक ताटे

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. हिंदू म्हणजे शाकाहारी, असे समीकरण नाही, कधी नव्हतेही. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१९-२० मध्ये भारतभर केलेली पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ४४ टक्के हिंदूंनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले. म्हणजे निम्म्याहून अधिक हिंदू स्वतःला शाकाहारी म्हणवत नाहीत. बंगालचे आणि मिथिलेचे ब्राह्मण मासे खातात, काश्मिरी पंडितांकडे मटणाचे पदार्थ सणालाही होतात, आपल्याकडचे सारस्वत मासे खातात. स्वामी विवेकानंद मांसाहारी होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. दुसरीकडे वारकरी, लिंगायत, महानुभाव आणि अनेक वैष्णव घराण्यांत मांस वर्ज्य आहे.

मराठी घरांत तर हे दोन्ही प्रवाह एकाच छताखाली नांदतात. आषाढी अमावास्येपर्यंत कोंबडी-मटण, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की भांडीसुद्धा वेगळी. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी पाळायची, बुधवारी-रविवारी बाजारात जायचे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि जत्रेला बकरे. पंढरपूरला किंवा आळंदीला गेलो की मांसाचे नाव काढायचे नाही.

काही सुशिक्षित मंडळी याला ढोंग म्हणतात. मला तसे वाटत नाही, आणि त्याला शास्त्राचाच आधार आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच यम सांगितले आहेत, त्यांत पहिला अहिंसा. पतंजली म्हणतो, हे व्रत जाती, देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादेशिवाय पाळले, तर ते महाव्रत होते. मर्यादेत पाळलेले व्रत कसे असते, हे सांगताना व्यासभाष्याने दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. पहिले उदाहरण मासे पकडणाऱ्या कोळ्याचे. तो मासे मारतो, पण माशांखेरीज कुठल्याही जिवाला मारत नाही. दुसरा तीर्थक्षेत्री हिंसा करत नाही. तिसरा चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी करत नाही.

म्हणजे आपला श्रावण, आपला गुरुवार आणि आपले पंढरपूर हे सारे त्या भाष्यात आधीच बसलेले आहे! हे महाव्रत नव्हे, हे खरे. पण भाष्यकाराने कोळ्याला अहिंसेच्या बाहेर काढलेले नाही. तो अहिंसेच्या पायरीवर उभा आहे. पायरी खालची असेल, पण ती त्याच जिन्याची आहे.

शास्त्र काय म्हणते?

"शास्त्रात लिहिले आहे" हे वाक्य दोन्ही बाजू वापरतात, आणि दोघांनाही आपापले वचन सापडते. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय पाहा. यज्ञात संस्कार केलेले मांस खाण्यास तिथे परवानगी आहे. खाणारा आणि खाद्य दोन्ही विधात्यानेच निर्माण केले, असाही युक्तिवाद आहे. त्याच अध्यायात पुढे 'मांस' या शब्दाची फोड केली आहे : ज्याला मी इथे खातो, 'तो मला' परलोकी खाईल. माझ्या नातवाच्या प्रश्नाचे मूळ बहुधा इथे असावे. आणि शेवटी समारोप असा, की मांस खाण्यात दोष नाही, ती प्राण्यांची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. पण त्यापासून दूर राहण्याचे फळ मोठे आहे.

एकाच अध्यायात तीन सूर कसे? कारण समाज एकाच वेळी तीन गोष्टी जगत होता. वैदिक यज्ञ होते, लोकांचे रोजचे खाणे होते, आणि जैन-बौद्ध श्रमणांनी व उपनिषदांतील संन्यासमार्गाने उभा केलेला अहिंसेचा प्रश्नही होता. स्मृतिकारांना या तिन्हींची मोट बांधायची होती. पुढे अहिंसेचे पारडे जड होत गेले. श्राद्धात मांस देण्याची जुनी रीत तर 'कलिवर्ज्य' म्हणून, म्हणजे कलियुगात करू नये अशा गोष्टींच्या यादीत गेली.

भगवद्गीतेचा सतरावा अध्याय शाकाहाराच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. सात्त्विक, राजस, तामस असे आहाराचे तीन प्रकार तिथे आहेत. पण त्या श्लोकांत मांस हा शब्दच नाही. रसाळ, स्निग्ध, मनाला प्रसन्न करणारे ते सात्त्विक. अतितिखट, अतिखारट, जळजळीत ते राजस. शिळे, बेचव, उष्टे, अपवित्र ते तामस. हा हिशेब शब्दशः लावला, तर आपला झणझणीत ठेचा राजस ठरतो आणि कालची शिळी भाकरी तामस. शाकाहारी ताटातही हे तिन्ही गुण भरलेले असू शकतात.

छांदोग्य उपनिषदात म्हटले आहे की, आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते. आता आहार म्हणजे काय? इथे दोन थोर आचार्यांची मते वेगळी आहेत. रामानुजाचार्य आहाराचा अर्थ अन्न असाच घेतात. अन्नाला तीन प्रकारे दोष लागतो : मूळ पदार्थामुळे, ते ज्याच्याकडून आले त्यामुळे, आणि त्यात केस-किडे पडण्यासारख्या कारणाने. शंकराचार्य म्हणतात, इंद्रियांनी जे जे आत घेतले जाते तो सगळाच आहार; राग, द्वेष आणि मोह यांच्यावाचून घेतला, तर तो शुद्ध. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेलेही आपण 'खातो'. एकदा शंकराचार्यांचा अर्थ मनात ठेवून सोसायटीची सभा आठवून पाहा. त्या संध्याकाळी आमच्या ताटांत काय होते, यापेक्षा आमच्या कानांनी काय खाल्ले हा प्रश्न अधिक अवघड आहे.

आत्मा मरत नाही, मग हिंसा कसली?

हा प्रश्न शाळेत मला मुले हमखास विचारत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, आत्मा मरत नाही आणि मारला जात नाही. मग बकऱ्याचा आत्माही अमर. मग सुरी फिरवली तर बिघडले काय?

याचे उत्तर गीतेतच आहे. आत्मा अमर आहे हे सांगणारी गीता अहिंसेला दैवी गुणांत गणते, ज्ञानाच्या लक्षणांत गणते, शरीराच्या तपातही गणते. आत्म्याला इजा होत नसेल, पण देहाला वेदना होते, जिवाला भय वाटते. सहाव्या अध्यायात श्रेष्ठ योगी कोण, हे सांगताना कसोटी दिली आहे ती सुखदुःखाची : दुसऱ्याचे सुख आणि दुःख जो स्वतःच्या मापाने मोजतो तो. आत्म्याचे अमरत्व हा मारणाऱ्याला मिळालेला परवाना नव्हे. उलट सगळ्या देहांत तेच तत्त्व आहे, असे मानणाऱ्यावर जबाबदारी वाढते.

आणि हे तत्त्व फक्त पशुपक्ष्यांत नाही. कठोपनिषदात सांगितले आहे की, आपापल्या कर्माप्रमाणे काही जीव गर्भात जातात, तर काही स्थावरात, म्हणजे वृक्षवेलींत. वनस्पतींना आत जाणीव असते, सुखदुःख असते, असे मनुस्मृतीही म्हणते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगुऋषी भरद्वाजाला झाडे कशी ऐकतात, पाहतात, वास घेतात, हे युक्तिवादाने पटवून देतात. तेव्हा मेथीची जुडी निवडणारी मीही जिवाशीच व्यवहार करते आहे. हे शास्त्राला ठाऊक होते. म्हणून हिंदू विचारातला खरा प्रश्न 'हिंसा करायची की नाही' एवढाच कधी नव्हता. हिंसा टळत नाही हे कळल्यावर माणसाने कसे जगायचे, हा तो प्रश्न होता. आणि त्याचे सर्वांत धीट उत्तर एका मांसविक्रेत्याच्या तोंडी घातलेले आहे.

मिथिलेतले दुकान

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ही कथा सांगतात. कौशिक नावाचा एक तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेदपठण करत होता. वरून एका बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिले आणि ती बगळी मरून पडली. त्याला वाईट वाटले. पुढे तो गावात भिक्षेला गेला. एका घरातली गृहिणी भिक्षा आणते म्हणाली, पण तेवढ्यात तिचा भुकेला नवरा आला आणि ती त्याच्या सेवेत गुंतली. उशीर झाला तसा कौशिक संतापला. ती शांतपणे म्हणाली, मी काही ती बगळी नव्हे. तपस्वी चपापला. ती म्हणाली, धर्म जाणून घ्यायचा असेल, तर मिथिलेत एक व्याध आहे, त्याच्याकडे जा.

कौशिक मिथिलेला पोचला. व्याध कुठे भेटला? खाटीकखान्यात. मूळ संस्कृतात शब्द आहे 'सूना', म्हणजे प्राणी मारण्याची जागा. हरणाचे आणि रेड्याचे मांस विकत तो तिथे बसला होता. गिऱ्हाइकांची गर्दी होती. कौशिक एका बाजूला उभा राहिला. व्याध उठून त्याच्याकडे आला आणि म्हणाला, त्या साध्वीने तुम्हाला पाठवले हे मला माहीत आहे. ही जागा तुमच्यायोग्य नाही, घरी चला.

घरी गेल्यावर कौशिकाने मनातली खंत बोलून दाखवली. इतका ज्ञानी माणूस आणि हा घोर धंदा! व्याधाने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : हा माझ्या वाडवडिलांचा व्यवसाय आहे. मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, आणि मी मांस खात नाही. दुसरी : हे काम घोर आहे, यात दोष आहे, हे मी नाकारत नाही. त्या दोषाचा नाश व्हावा म्हणून मी सत्य, दान, वडीलधाऱ्यांची सेवा यांत झटतो आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तो कौशिकाला विचारतो, हिंसा कोण करत नाही? शेती सर्वांना चांगली वाटते, पण नांगराच्या फाळाखाली जमिनीतले किती जीव मरतात? तांदूळ आणि इतर धान्ये हेही जीवच आहेत. आपण चालतो, बसतो, झोपतो, तेव्हाही जीव चिरडतात. पाण्यात जीव आहेत, हवेत जीव आहेत. अहिंसेचे व्रत घेतलेले यतीही हिंसा करतातच. फरक एवढाच की, त्यांच्या प्रयत्नाने ती कमी होते.

'प्रयत्नाने कमी होते.' मला वाटते, आहाराविषयीच्या सगळ्या हिंदू विचाराचे सार या तीन शब्दांत आहे. शून्य हिंसा कुणालाच जमलेली नाही. म्हणून कुणालाच पावित्र्याचा माज करता येत नाही. आणि हिंसा कमी करणे मात्र प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. म्हणून कुणालाच हात झटकून मोकळे होता येत नाही.

या कथेत आजच्या मनाला खटकणारा भागही आहे. व्याधाचा व्यवसाय त्याला पूर्वजन्मीच्या शापामुळे आणि जन्मामुळे मिळाला, अशी मांडणी तिथे आहे. जन्मावरून काम ठरते, ही कल्पना आपण आज मान्य करत नाही आणि करूही नये. पण कथेचा प्रवास कुठून कुठे होतो, ते पाहा. वेद पढलेला, शुद्ध आहाराचा तपस्वी नुसत्या नजरेने जीव घेतो. आणि त्याला धर्म शिकवतो तो मांस विकणारा. शेवटी व्याध त्याला काय करायला सांगतो? तू आईवडिलांना न विचारता घर सोडलेस, ते दुःखात आहेत, परत जाऊन त्यांची सेवा कर. आहाराचा एक शब्दही त्या अखेरच्या उपदेशात नाही.

हा धागा आपल्या संतांनी सोडलेला नाही. भक्तासाठी देवाने कोणकोणती कामे अंगावर घेतली, हे सांगताना तुकोबांनी सजन कसायाचे दुकान वगळले नाही. मांस न खाणाऱ्या माळकऱ्यांनी ते अभंग शतकानुशतके टाळ वाजवत म्हटले. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.

स्वयंपाकघरातले पाच खाटीकखाने

मघाशी 'सूना' हा शब्द आला, तो लक्षात ठेवा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तोच शब्द पुन्हा भेटतो, आणि या वेळी थेट आपल्या घरात. प्रत्येक गृहस्थाच्या घरी पाच सूना असतात, पाच वधस्थाने : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. सरपणात किडे जळतात, दळताना-कांडताना जीव भरडले जातात, झाडताना मुंग्या मरतात, घागरीखाली चिरडतात. हे घर मांसाहारी नाही बरं का. हे शुचिर्भूत, अग्निहोत्र पाळणाऱ्या गृहस्थाचे घर आहे!

आज चुलीऐवजी गॅस आला, जात्याऐवजी गिरणी. पण हिशेब संपलेला नाही. पिकावर फवारलेले कीटकनाशक, गोदामातल्या उंदरांसाठी ठेवलेले विष, आणि आपल्या चहातले दूध. गोठ्यात रेडकू जन्मले, तर त्याचे पुढे काय होते, हे दूध पिणारे आपण सहसा विचारत नाही. आणि ज्या रेशमी सोवळ्यात आपण देवपूजा करतो, त्याचा धागा कोष उकळून काढतात, आतल्या किड्यासकट.

मग या पाच सूनांवर उपाय काय सांगितला? पाच महायज्ञ. अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांना आहुती, प्राण्यांना अन्न आणि अतिथीला अन्न. आपल्याकडची चित्राहुती, गोग्रास, कावळ्याचा घास, दारी आलेल्याला जेवायला बसवणे ही सगळी त्याचीच रूपे. गीतेचा तिसरा अध्यायही हेच सांगतो : जो फक्त स्वतःसाठी शिजवतो, तो पाप खातो. मुद्दा काय शिजवले एवढाच नाही. कुणाकुणासाठी शिजवले हाही आहे. आपण जगतो ते इतर जिवांच्या उधारीवर. ती उधारी फिटत नाही, पण ती मान्य करायची आणि रोज थोडी फेडत राहायची. त्या फेडीतली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे परक्याला दार उघडणे. आम्ही आमच्या जिन्यात नेमके उलटे केले.

कर्म म्हणजे आरसा

आता कर्माकडे येऊ. मघाशी सांगितलेल्या पाहणीत ७७ टक्के हिंदूंनी कर्मावर विश्वास असल्याचे सांगितले, पण पुनर्जन्मावर विश्वास सांगणारे ४० टक्केच होते. म्हणजे अनेकांच्या मनात कर्म हे पुढच्या जन्माचे गणित राहिलेले नाही. केलेल्याची जबाबदारी आपली, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. मला तो अर्थ कमी वाटत नाही.

ही जबाबदारी कुठवर जाते? योगसूत्र म्हणते, हिंसा तीन प्रकारची : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. तिच्या मागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो. मनुस्मृती तर एका प्राण्याच्या वधाला आठ जणांना जबाबदार धरते : संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. म्हणजे "मी कुठे मारतो, मी तर विकत आणतो" ही पळवाट बंद. पण या यादीत पहिला कोण आहे, पाहिलेत? सुरीवाला नव्हे. संमती देणारा.

पळवाटा आणखी दोन आहेत. "झाडालाही जीव असतो, मग बोकड खाल्ला तर काय," ही एक. धर्मव्याधाचे बोलणे अर्धेच ऐकले की ती सापडते. त्याने हिंसा सर्वत्र आहे एवढेच सांगितले नाही, ती कमी करायला सांगितली आहे. ज्या जिवाला भय कळते, जो सुरी पाहून ओरडतो, त्याच्याबाबत अधिक जपणे हा त्या कमी करण्याचाच भाग आहे. म्हणूनच शाकाहार मला आजही श्रेयस्कर वाटतो. दुसरी पळवाट शाकाहाऱ्यांची : "आम्ही खात नाही, म्हणजे आम्ही शुद्ध." तिला पाच सूनांनी कायमचे टाळे लावले आहे. आणि खरे सांगायचे तर "शुद्ध शाकाहारी आहात का?" हा प्रश्न दरवेळी जेवणाचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो जात विचारण्याचा सभ्य मार्ग असतो.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टीचे वर्णन आहे. ज्ञानी माणूस विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्याकडे सारख्याच नजरेने पाहतो. 'श्वपाक' या शब्दाचा अर्थ वर्गात सांगताना मी नेहमी थांबत असे. कुत्र्याचे मांस शिजवणारा, असा त्याचा अर्थ. त्या माणसाची ओळखच त्याच्या अन्नावरून दिली आहे, आणि मग सांगितले आहे की, पाहणाऱ्याची नजर तरीही बदलत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली 'अहिंसा' या एका शब्दापाशी किती वेळ रेंगाळतात! पाऊल कसे पडावे, नजर कशी असावी, शब्द कसा निघावा, हात कसा उचलावा. अहिंसा म्हणजे माणसाच्या सगळ्या वागण्यातली हळुवारता, असे ते चित्र आहे.

गीता असेही म्हणते की, कर्माची गती गहन आहे. जे इतके गहन, ते दुसऱ्याच्या डब्यात डोकावून आपल्याला कसे वाचता येईल? कर्मसिद्धांत हा आरसा आहे. तो स्वतःसमोर धरायचा असतो. शेजाऱ्याच्या दारावर लावला, की त्यात फक्त शेजारी दिसतो आणि आपण सुटतो.

नातवाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "पुढच्या जन्मी कोण काय होईल, ते मला नाही रे ठाऊक. पण आपण जे खातो, ते कुणीतरी आपल्याला दिलेले असते. म्हणून पानात टाकायचे नाही, खाण्याआधी एक घास बाजूला काढायचा, आणि कोण काय खातो यावरून त्याला हसायचे नाही." त्याला ते पटले असावे. हल्ली कावळ्याचा घास तोच ठेवतो.

माझे उत्तर मात्र बाकी आहे. "ज्याचे कर्म त्याच्यापाशी" असे ते गृहस्थ म्हणाले, ते खरेच होते. फक्त त्या सभेत कर्म घडत होते ते आमचे, आणि मी गप्प बसून त्याला संमती दिली होती. आठ जणांच्या यादीत पहिले नाव कुणाचे, हे ठाऊक असूनही. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय बहुधा नसेल. मी तो काढणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)